दिघोरीची बाई

ऐंशी सालच्या सुमारास मी साकोलीहून आईला नागपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. शेजारच्या खाटेवर दिघोरीची एक बाई एकटीच असायची; तिला भेटायला कुणी येत नसे. तिचे पाय बधिर झाले होते; हातांनी उचलून ती ते सरळ ठेवायची आणि वरून लुगडं नीट करायची. पाठीत औषध सोडून काढलेल्या एक्स-रेत मणक्यात चुन्यासारखी कडक गाठ दिसली.

"अशी गाठ क्वचितच असते. काढली नाही तर पाय जातील," डॉक्टर म्हणाले. संमतीचा अंगठा तिनं स्वतःच दिला.

ऑपरेशननंतर एका दुपारी तिनं मला हाक मारली. "बाई, पायाले मच्छर चावला वो! समजलं मले!" ती खूप हसली. मग म्हणाली, "आता हे कोनाले सांगू?"

"मला सांगा ना," मी म्हटलं.

"तुमाले त सांगतलंच," म्हणत तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.