जनरलसाहेबांच्या पुस्तकातली नदी

शनिवार, दुपारी चार. स्थळ: दुबईच्या अल बर्शा भागातलं जनरलसाहेबांच्या मुलाचं घर. हजर: जनरलसाहेब, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू, मराठी मंडळाची कार्यवाह म्हणून मी, आणि अबुधाबीहून बसने आलेले एक फोरमन. विषय एकच: जनरलसाहेबांच्या आठवणींच्या पुस्तकातलं लढाईचं प्रकरण ठेवायचं की काढायचं.

कागदावर आधी हजेरी आणि मग विषय, ही सवय मला त्यांनीच लावली. साऱ्या अमिरातीत शोधलं तरी त्यांच्याइतका शिस्तीचा आणि त्या शिस्तीतून एवढा गोंधळ उडवून देणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. आयुष्यभर फौजेत काढून मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले, मुलाकडे राहायला दुबईला आले, आणि इथल्या मराठी मंडळाने हौसेने त्यांना अध्यक्ष केलं. कार्यक्रमाला शोभा येईल, हार घालून बसवून ठेवू, एवढाच आमचा हिशेब. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "गणपतीची मिरवणूक लिफ्टमधून कशी नेणार? नकाशा कुठे आहे?" नकाशा नव्हता. मग त्यांनी काकूंचा ओव्हनचा ट्रे घेतला, इमारतीमागच्या मोकळ्या जागेतून वाळू भरून आणली आणि अख्खा हॉल त्या ट्रेमध्ये उभा केला. काडेपेटी म्हणजे स्टेज, वेलदोडे म्हणजे ढोलपथक, बदाम म्हणजे आरतीला उशिरा येणारे. फौजेत हल्ल्याआधी असंच करतात म्हणे. मिरवणूक पहिल्यांदाच वेळेवर निघाली. त्या दिवाळीत काकूंच्या नानकटाया मात्र दाताखाली कचकचल्या. "भूप्रदेशाचा अभ्यास पोटात जायलाच हवा," असं म्हणून साहेबांनी चार खाल्ल्या.

मोदकांना ते 'रसद' म्हणत, हळदीकुंकवाला 'महिला आघाडीची हालचाल'. उशिरा येणाऱ्याला रागवत नसत, फक्त घड्याळ काढून त्याच्यासमोर ठेवत. आमच्या खजिनदारबाई एकदा म्हणाल्या, "साहेब, मेट्रो चुकली हो." साहेब म्हणाले, "यल्ला, चला, बसा. पण मेट्रो वेळेवर होती." बाई पुढचे दोन कार्यक्रम फुगून होत्या, आणि तिसऱ्याला सर्वांत आधी हजर होत्या.

अध्यक्षपद संपल्यावर त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. ते लिहायचे, मी टाइप करायचे. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता तोफा धडाडणार. प्रत्यक्षात मंडळाला अकरा प्रकरणं आणि एकाहत्तरच्या लढाईला दीड पान! पुण्याचे प्रकाशक फोनवर रडकुंडीला आले. "साहेब, लढाई कुठे आहे?"

"पान तीनवर."

"ते दीडच पान आहे."

"लढाईही लहानच होती."

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "सेक्रेटरी, फौजेत मी हुकूम दिला की लोक ऐकायचे. त्यात लिहिण्यासारखं काय? मंडळात एकही माणूस ऐकत नाही. तिथे जिंकणं म्हणजे जिंकणं."

पण खरं कारण वेगळं होतं. फौजेत चौकशीत एखाद्याचा जबाब घेतला की तो त्याला वाचून दाखवतात आणि तो 'बरोबर' म्हणाला तरच कागद पुढे जातो. हाच नियम साहेबांनी पुस्तकाला लावला होता. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला समोर बसवून वाचून दाखवायचं, तो 'बरोबर' म्हणाला तरच ते छापायचं. त्यामुळे त्यांच्या घरी दर शुक्रवारी निम्मी दुबई चहाला. 'पुरणपोळ्यांनी माघार घेतली' या वाक्यावर खजिनदारबाई तासभर भांडल्या आणि 'शिस्तबद्ध माघार' करून घेऊनच उठल्या. साहेबांची नात 'पहिल्या भाषणात रडली' हे ऐकून म्हणाली, "आजोबा, आय डिडन्ट क्राय! देअर वॉज डस्ट." साहेबांनी मुकाट्याने धुळीचं वादळ घातलं.

एकदा मी विचारलं, "मग लढाईचं काय?"

"त्यातल्या ज्या माणसाबद्दल लिहायचंय, त्याला कुठे बसवू समोर?" ते म्हणाले, आणि चहा न घेताच उठून गेले.

साहेब तेव्हा नवे कॅप्टन होते आणि हा त्यांच्या तुकडीतला नाईक हुद्द्याचा जवान, सातारा जिल्ह्यातला. पूर्वेकडची एक नदी ओलांडल्यावर तो धारातीर्थी पडला. गेल्या वर्षी अबुधाबीच्या शिवजयंतीला एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थाने साहेबांचे पाय धरले. त्या नाईकाचाच मुलगा, बाप गेला तेव्हा पाळण्यात असलेला, आता तिथे एका साइटवर फोरमन. गावाच्या वेशीवर बापाचा पुतळा आहे, छाती पुढे, हातात रायफल, असं त्याने अभिमानाने सांगितलं. घरी आल्यावर साहेबांनी एका बैठकीत प्रकरण लिहून काढलं, आणि नंतर कितीतरी महिने ते माझ्याकडेही देईनात.

कारण त्यात त्यांनी खरं लिहिलं होतं. नाईक पाण्याला घाबरायचा. नदीकाठी होडी पाहून त्याचे पाय थरथरले. त्याने डोळे मिटले, साहेबांचा पट्टा मुठीत धरला, आणि पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाही.

"पुतळ्याखाली वाढलेल्या पोराला हे कसं वाचून दाखवू?" साहेब म्हणाले. "खोडतो."

"खोडा," काकू भाजी निवडत म्हणाल्या. "आणि तिथे पुतळ्याचा फोटो छापा. तो तर कुणालाही विचारून घ्यावा लागत नाही."

तो टोमणा साहेबांना लागला, म्हणून ती शनिवारची बैठक. फोरमन सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. बायकोने दिलेला चिवड्याचा डबा त्यांनी काकूंच्या हाती दिला. साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. हजारो माणसांसमोर बोललेला त्यांचा आवाज होडीपाशी येऊन बारीक झाला. तरी एकही शब्द न गाळता त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

फोरमननी साहेबांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाले, "साहेब, बाप घाबरायचा?"

"पाण्याला. फक्त पाण्याला. आणि तरी..."

"थांबा साहेब." त्यांनी हात वर केला. "मला इथे तीस वर्षं होत आली. बर दुबईहून खाडीपलीकडे जायला सगळे आबऱ्यात, त्या लाकडी होडीत, बसतात. मी आजवर एकदाही बसलो नाही. बसने लांबून वळसा घालून जातो. आमची साइटवरची पोरं हसतात, म्हणतात, 'खलास! शहिदाचा मुलगा आणि होडीला घाबरतो.' मला वाटायचं, आपल्यातच खोट आहे." ते एकदम हसले आणि मग त्यांना डोळे पुसावे लागले. "पुतळ्याचं नाक माझ्यासारखं नाही हो. गावात सगळे म्हणतात. बापाचं म्हणून माझ्याकडे काहीच नव्हतं. हे आहे."

साहेबांनी सहीसाठी कागद पुढे केला. फोरमननी तो परत सरकवला. "माझ्याकडून बरोबर. पण मी तर पाळण्यात होतो. आईला विचारा. ती आहे अजून, गावी. कान गेलेत, फोनवर काही कळत नाही. समोर बसून, मोठ्याने वाचायला लागेल."

साहेब तेव्हाच निघणार होते. पण हृदयाच्या डॉक्टरांनी विमानाला साफ मनाई केली, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी हुकूम तोंड पाडून ऐकला. मंडळातही ते आता येत नाहीत, आणि बैठका अर्धा तास उशिरा सुरू होतात. कुणी घड्याळ काढून ठेवत नाही, आणि त्याचंच वाईट वाटतं.

मेमध्ये फोरमन सुट्टीवर जातील, तेव्हा त्यांच्या आईला प्रकरण वाचून दाखवायला त्यांच्यासोबत मी जायचं ठरलंय. अकरा प्रकरणं तयार आहेत, प्रकाशक थांबलेत. साहेब मला घरी बोलावून रोज ते प्रकरण वाचायला लावतात. "पुन्हा, सेक्रेटरी. मोठ्याने. त्यांना ऐकू गेलं पाहिजे." मी इतिवृत्तं वाचणारी बाई, मला आवाजाची कधी अडचण आली नाही. पण 'त्याने पट्टा मुठीत धरला' इथवर आले की मी थांबते. त्यापुढचं वाचन अजून जमायचं आहे.