चक्कर आली, असं मी सांगितलं

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "फ्रॅक्चर नेक ऑफ फीमर." माझा चेहरा पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्यात बसतो. त्या गोळ्याखालची मान मोडली आहे. म्हाताऱ्या माणसांत हे नेहमीचं, पण सत्तेचाळिसाव्या वर्षी जोरात आपटल्याशिवाय होत नाही.

"पडल्या कशा?"

माझ्या बायकोचा, नंदाचा, धाकटा भाऊ संजय अकोल्याहून गाडी पळवत नुकताच पोचला होता. माझ्या खांद्याशी उभा होता. मी म्हणालो, "भिंत रंगवत होती. स्टुलावर चढली अन् चक्कर आली."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

नंदाला चक्कर आली नव्हती. घरात कुणी पडलं तर दवाखान्यात काय बोलायचं आणि काय नाही, हे ठरवायची वेळ तुमच्यावरही येऊ शकते. म्हणून झालं तसं लिहितो.

आमच्या अमरावतीच्या घराचा हॉल चौदा फूट उंच आहे. उन्हाळ्यात तेवढंच बरं, म्हणून मीच तसा बांधून घेतला. दिवाळीच्या तोंडावर पेंटरनं खालच्या भिंती केल्या आणि वरचा पट्टा ठेवून तो दुसऱ्या घरी गेला. दोन दिवसांत येतो म्हणाला. रविवारी मुलीला बघायला मोर्शीचे पाहुणे यायचे होते, आणि मला तेवढा धीर निघेना.

संजयचा अकोल्याला मंडप-डेकोरेशनचा धंदा. त्यानं आठवडाभर आधीच फोन केला होता. "भाऊजी, भिंत उंच हाय. स्टूल-बिल लावू नका. माह्याकडं चाकाचं मचाण हाय, चाकाले ब्रेक हाय, वर कठडा हाय. टेम्पोत टाकून देतो." मी नको म्हणालो. बावीस वर्षांत सासरकडून एक वस्तू मागितली नाही, याला मी स्वाभिमान समजत होतो.

आपल्याकडे घरोघरी कूलरचं लोखंडी स्टँड असतं. पावसाळा लागला की कूलर माळ्यावर जातो आणि स्टँड कोपऱ्यात पडून राहतं. आमचं चार फूट उंच, खाली चाकं असलेलं. मी त्यावर दोन फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. माझा उजवा खांदा आखडलेला, हात वर जात नाही. म्हणून नंदा चढली.

"हे हालते हो," ती म्हणाली.

"मी धरून आहे ना."

हात पोचेल तेवढं रंगवून झाल्यावर ती म्हणाली, "थांबा, उतरते, मंग सरकवा." मी म्हणालो, "किती चढ-उतर करशील, मी असंच सरकवतो." आणि ढकललं. रंगाचे डाग पडू नयेत म्हणून फरशीवर प्लास्टिक अंथरलं होतं. एक चाक त्याच्या घडीत अडकलं. खालून स्टँड थांबलं आणि वरून कललं. नंदा डाव्या कुशीवर पडली आणि तिचं डोकं दिवाणाच्या लाकडावर आपटलं.

डोक्याचा सीटी स्कॅन झाला, आत रक्तस्राव नव्हता. कन्कशन आहे, म्हणाले, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. यात पडण्याच्या आधीचा काही वेळ पुसला जाऊ शकतो. नंदाला सकाळचा चहा आठवत होता आणि त्यानंतर एकदम ॲम्ब्युलन्स. मुलगी तेव्हा घरात नव्हती. मधलं पाहिलेला माणूस एकच होता, मी.

संध्याकाळी फिजिशियन आले. माझ्या एका वाक्यावर त्यांनी दुसरा शब्द लिहिला, सिंकोप. म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर कमी होऊन शुद्ध जाणं. कारण हृदयात असू शकतं, ते पाहिल्याशिवाय भूल देणं धोक्याचं. ईसीजी ठीक आला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. शिवाय होल्टर, म्हणजे छातीला बांधायचं छोटं यंत्र, चोवीस तास. प्रत्येक कागदावर मी सही केली. प्रत्येक प्रश्नाला मान हलवली.

वॉर्डबाहेरच्या बाकावर संजय चहा घेऊन यायचा आणि स्वतःलाच शिव्या घालायचा. "म्या मचाण पाठवूनच द्याले पाहिजे होतं. तुमाले इचारत बसलो काऊन!" मी चहा पिऊन कप परत द्यायचो.

नंदा मला जवळ बोलावून हळूच विचारायची, "मले फिट आली होती का हो? तोंडाले फेस आला होता का?"

"नाही."

"मंग काय झालं?"

"डॉक्टर पाहून राहिले."

शनिवारी चारच्या सुमारास हाडांचे डॉक्टर उभ्या उभ्या म्हणाले, "गोळ्याला रक्त या मोडलेल्या मानेतूनच जातं. उशीर झाला तर गोळा मरू शकतो. अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात त्याला, रक्ताअभावी हाड मरणं. मग या वयात सांधा बदलावा लागेल. मला आजच करायचं आहे, पण चक्करचं कारण कळल्याशिवाय भूलतज्ज्ञ तयार नाहीत." आणि ते पुढे गेले.

मी त्यांच्या मागे गेलो. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर गाठलं. "डॉक्टर, तिला चक्कर आली नाही. ती वर असताना स्टँड मी ढकललं."

ते थांबले. ओरडले नाहीत. "मग कालपासून काय करत होता?"

त्यांनी मला भूलतज्ज्ञ बाईंकडे नेलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. किती उंच, कोणत्या बाजूला पडली. बाईंनी विचारलं, "पडताना काही बोलल्या?"

"'अहो, थांबा' म्हणाली."

"म्हणजे शुद्धीत होत्या," बाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

इको झाला, व्यवस्थित आला. होल्टर काढलं. सात वाजता नंदाला आत नेलं आणि मोडलेल्या मानेत तीन स्क्रू बसवले. डोक्याच्या मारासाठी काही तास थांबलोच असतो, असं डॉक्टर मला नंतर म्हणाले. त्या काही तासांनंतरचे तास माझ्यामुळे गेले. मी त्यांना विनवलं, हिला सांगू नका. ते म्हणाले, "मी नाही सांगणार. ते काम तुमचं आहे."

ते काम मी तीन आठवडे केलं नाही.

घरी आल्यावर नंदा उभीच राहीना. डाव्या पायावर भार टाकायचा नव्हता, पण वॉकर धरून उजव्या पायावर रोज चालायचं होतं. ती पलंगाची कड घट्ट धरून बसायची. "चक्कर येईन. पुन्हा पडीन." व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला बाहेर बोलावलं. "जखम चांगली आहे, स्क्रू जागेवर आहेत. त्या घाबरल्या आहेत. अशाच पडून राहिल्या तर पाय बारीक होईल, पायात रक्ताची गुठळी होईल. मग मी काही करू शकणार नाही."

त्या रविवारी संजय आलेला होता. मी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं. स्टँड, प्लास्टिक, 'मी असंच सरकवतो', सगळं. दवाखान्यात काय बोललो तेही.

संजय उठून अंगणात गेला.

नंदा म्हणाली, "फिट नवती?"

"नाही."

"चक्कर बी नाई?"

"नाही."

"मंग मी चांगली होती?"

"चांगली होतीस. उतरते म्हणत होतीस."

ती म्हणाली, "तीन हप्ते मी माह्याच डोक्याले भेऊन राहिली. अन् तुमी समोर बसून मले संत्री सोलून देत होते!"

संजय आत आला. "भाऊजी, मचाणाले नाही म्हटलं ते चाललं असतं. पन मी रोज फोनवर ताईले म्हणून राहिलो, डोकं दाखव, नागपूरले नेतो. तवा तरी बोलायचं." माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यानं वॉकर पुढे आणला. मी हात पुढे केला तर नंदा म्हणाली, "तुमी नका धरू." ती उजव्या पायावर उभी राहिली. दारापर्यंत गेली आणि परत आली. घामानं चिंब झाली होती, पण तोल गेला नाही.

माझ्यासारखी उंच भिंत तुमच्याकडे असेल तर एवढं ऐका. बहुतेक भिंत रोलरला लांब दांडी लावून जमिनीवरूनच रंगवता येते, वर चढायचं कामच नाही. छताजवळच्या कडेसाठी कठड्याचं मचाण आणा, मंडपवाल्याकडे किंवा पेंटरकडे मिळतं. चाकांना ब्रेक आहे ना, तो लागतो ना, ते स्वतः दाबून पाहा. घडीची शिडी असेल तर चारही पाय थेट फरशीवर हवेत. तिच्याखाली टेबल, फळी, प्लास्टिक, काहीही नको. आणि वर माणूस असताना खालचं एक बोटभरही हलवू नका. त्यानं उतरावं, तुम्ही सरकवावं, त्यानं पुन्हा चढावं. वेळ जातो, जाऊ द्या. पाहुणे काही छताकडे बघत नाहीत.

तरी कुणी पडलंच, तर डॉक्टरांना जसं झालं तसं सांगा. कोण उभं आहे ते बघू नका. तुमच्या वाक्यावरून पुढचे कागद निघतात.

सहा महिन्यांच्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. गोळ्याचा रक्तपुरवठा टिकला का, ते अजून दोन वर्षं बघत राहावं लागेल. तो गेला तर सांधा बदलायचा. ती टांगती गोष्ट घेऊन आम्ही राहतो. नंदा आता काठीशिवाय चालते. त्या डॉक्टरांचे मी उपकार मानतो, तिचं हाड बसवलं म्हणून, आणि मला खरं काय ते भूलतज्ज्ञ बाईंपुढे दुसऱ्यांदा सांगायला लावलं म्हणूनही.

नंदानं मला माफ केलं का, मला माहीत नाही. आमच्या घरात असं बोलायची पद्धत नाही. तिच्या तपासणीचे रिपोर्ट घेऊन आल्यावर मी म्हणतो, "सगळं ठीक आहे म्हणाले." ती म्हणते, "कागद दाखवा." मी देतो. ती चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, आणि तिचं वाचून होईपर्यंत मी समोर उभा राहतो.