अर्धलीचं शिक्षण

आमच्या मालकाइतका दुसऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवणारा माणूस मी पाह्यला न्हाई, आन् त्यापायीच मी थकले बगा. गाव त्यांना बिरूबापू म्हणतं. येलदरी धरणाच्या अंगाला आमचं घर. सोताच्या मेंढ्या थोड्याच, पण लोकांच्या शेळ्या ते अर्धलीनं सांभाळतात. म्हंजी शेळी लोकांची, राखण आमची, आन् होतील ती पिल्लं निम्मी-निम्मी. शेळी व्यालीच न्हाई तर कुणीबी कुणाला कायबी मागत न्हाई. दोघंबी हळहळायचं आन् गप बसायचं. सारा जलम त्यांचा ह्याच इमानावर गेला.

अशा माणसाच्या पोटी आमची शालू. लय हुशार. मास्तर म्हणायचे, हिला डॉक्टर करा. पण तिला शिकायचं व्हतं माणसाचं डोकं इचार कसं करतं ते. कॉग्निटिव्ह सायन्स. हे नाव माझ्या तोंडी बसायला वरीस गेलं, मालकांच्या तर अजून बसलं न्हाई. कुणी इचारलं का सांगतात, "डोक्याचं शिकायलीय पोरगी." लोकांना वाटतं येड्यांची डॉक्टरीण होणार. वाटू द्या मेल्यांना!

त्यासाठी बंगळूरला जायचं, तर चार लाखाचं कर्ज काढावं लागलं. परभणीच्या बँकेतला सायब म्हणला, "काळजी करू नका, मुलगी नोकरीला लागली की हप्ते सुरू करा." झालं! मालकांनी सही ठोकली. येताना जीपमधी समद्यांना सांगत सुटले, "शिक्षण अर्धलीनं घेतलंय पोरीला. कमावली तर बँकेला वाटा, न्हाई कमावली तर बँकबी गप, आमीबी गप." मलाबी ते खरंच वाटलं. माझी अक्कल ती किती!

शिक्षण झालं. मंग वरीसभर पोरगी नोकरी हुडकत फिरली. वरीस सरलं तसा बँकेचा फोन आला, हप्ता भरा. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीनं बोलवलं. लोक मोबाईल बघताना कुठं अडतात, ते बघून लिहायचं काम. पगार बावीस हजार. त्यातले निम्मे खोलीला आन् जेवणाला, साडेआठ हजार बँकेला. राह्यलं काय हातात? चहापाणी!

दुसरी वाट व्हती बंगळूरलाच आणखी दोन वर्सं शिकायची. एमएस्सी. मंग पगार दुप्पट, असं तिचे सर म्हणतात. पण त्याला वरून सहा लाखाचं कर्ज, आन् त्यावर पुन्हा बापाची सही. कागद भरून द्यायला सोमवार शेवटचा दिस. शालू घरी आली ती हे दोन्ही घिऊन. तिचा जीव शिकण्यात व्हता, ते काय मला सांगाया लागतंय? पोटातलं लेकरू मायचा आवाज कसं वळखतं, हे मला सांगायला बसली की तिला भूकतहान ऱ्हायची न्हाई.

मालक म्हणले, "शिक की. शेळीला आणखी दोन वर्सं चारा घालू. आधी त्या बँकवाल्याला समजावून येऊ." मंग आमी तिघंबी परभणीला गेलो. सायब नवा व्हता. हे त्याच्यापुढं उभं राहून म्हणतात, "सायब, शेळी अजून व्याली न्हाई, तर वाटा कशाचा मागता?"

सायब म्हणला, "कसली शेळी?"

"ही की," म्हणून ह्यांनी शालूकडं बोट केलं.

रांगेतली माणसं फिदीफिदी हसली. माय वं! मला तर जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. पण सायब भला माणूस. त्यानं बसवून समजावलं. शिक्षण संपल्यावर एक वरीस सवलत, मंग नोकरी असो नसो, याजासकट भरायचं. शालूनं न्हाई भरलं तर सही करणाऱ्या बापानं भरायचं. मालकांनी हे पुन्हा इचारलं, पुन्हा ऐकलं, आन् उठले.

घरी आल्यावर भाकरीला हात लावला न्हाई त्यांनी. अंगणात बसून म्हणले, "त्या पहिल्या सायबानं मला फसवलं."

शालू खाली मान घालून म्हणली, "फसवलं न्हाई, आबा. अर्धं सांगितलं. बाकीचं कागदावर व्हतं. मी वाचलं व्हतं."

"तुला ठावं व्हतं? मी जीपमधी बोलत व्हतो तवाबी?"

"तवाबी."

"मंग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी सही केली नसती."

लय राग आला मला. हात उठला व्हता माझा, खोटं कशाला सांगू. ज्या बापानं जलमभर कुणाचा शब्द मोडला न्हाई, त्याला घरातल्याच लेकीनं असं अंधारात ठेवावं? पण ह्यांनी मला डोळ्यानंच दाबलं. मंग म्हणले, "खरंय. नसती केली."

जरा वेळानं त्यांनीच इषय काढला. "आण तो नवा कागद. आता समदं समजलंय मला. कुठं सही करायची ते दाव."

तिची कागदाची पिशवी खुंटीला व्हती, हात लांबवला की लागंल अशी. शालू उठली न्हाई.

"आगं, करतो म्हणतोय ना!" ह्यांचा आवाज चढला.

ती रडाया लागली. म्हणली, "तुमाला समजत नव्हतं, तवा घेतली सही. आता न्हाई घेववत, आबा."

सोमवारी ह्यांनीच तिला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं.