न दाखवलेल्या फिल्मचा परिणाम

नशेच्या विरोधातल्या सरकारी जाहिराती पोरांच्या डोक्यात शिरतात की नाही, हे तपासायचं काम मी काही महिने केलं. समाजकार्याची पदवी घेऊन यवतमाळात घरी बसले होते, कंत्राटी जागा निघाली, धरली. शाळेत जायचं, नववी-दहावीच्या पोरांकडून एक फॉर्म भरून घ्यायचा, फिल्म दाखवायची, मग तोच फॉर्म पुन्हा भरून घ्यायचा. दोन फॉर्ममधला फरक म्हणजे फिल्मचा परिणाम. कागदावर मोठं शहाणपणाचं काम होतं.

फिल्म पाहिली अन् मी कपाळावर हात मारला. कुठल्यातरी बंगल्यात पार्टी, चामड्याचं जॅकेट घातलेला पोरगा काचेच्या टेबलावरून पांढरी पावडर ओढतो, लगेच तोंडाला फेस, मग एक कवटी खदाखदा हसते. आमच्याकडच्या पोरांनी काचेचं टेबलच कुठे पाहिलंय? ती पंक्चरचं सोल्युशन पिशवीत पिळून हुंगतात. तंबाखू-सुपारीचा खर्रा तर सहावीपासून खिशात. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी. हे मी आमच्या जिल्ह्याच्या साहेबांना सांगायला गेले, तेव्हा ते स्वतःच प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत बसले होते.

"तुमाले फिल्म दाखवाले ठेवलं मॅडम, बनवाले नाही," ते म्हणाले, अन् खर्रा गालात दाबला. पुढचं सगळं बोलणं त्या फुगलेल्या गालातूनच झालं.

महागावकडच्या एका शाळेत गेले तर लाइट नव्हती. मी प्रोजेक्टरची वायर हातात घेऊन उभी, तोवर हेडमास्तरांनी दोन्ही फॉर्म पोरांना एकदमच वाटून टाकले होते. वर फळ्यावर लिहून दिलं, पहिल्या फॉर्मात 'माहीत नाही' वर खूण करा, दुसऱ्यात 'माहीत आहे' वर.

"सर, फिल्म तर पाहू द्या त्यांना," मी म्हटलं.

"पोरायची एसटी चार वाजता हाय. लाइटीची वाट पाहून राह्यलो तं इथंच मुक्काम पडन. अन् दुसऱ्या शाळा पुढं जाऊन राह्यल्या, आमीच काहून मागं राहावं?"

मी ते गठ्ठे साहेबांपुढे टाकले, फिल्म दाखवलीच नाही हेही सांगितलं. ते खूश झाले. इतका चांगला परिणाम दुसऱ्या कुठल्याच शाळेत नव्हता. वरही तेच गेलं. असल्या लोकांच्या हातात पोरं दिलीत आपण, अन् वर विचारतो की पोरं बिघडली कशी.

पण त्या गठ्ठ्यात, मी अजून शाळेत बसून फॉर्म मोजत असतानाच, एक कागद निघाला होता. मागच्या कोऱ्या बाजूवर नववीतल्या एका पोरीनं पेन्सिलीनं लिहिलं होतं : माझा मोठा भाऊ सोल्युशन हुंगते. आता जेवत बी नाही. फिल्म पाहून तो सोडन का? नाही तं त्याले कुठं न्यावं ते सांगा. खाली तिचं नाव, वर्ग, तुकडी.

इतक्या शाळांत मला भेटलेलं ते एकच खरं उत्तर. जीव गलबलला माझा. अन् मी काय केलं? आमच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की विद्यार्थ्याची अडचण दिसल्यास मुख्याध्यापकांना कळवावे. मी कळवलं. तो कागद उचलून हेडमास्तरांच्या हातात दिला, "जरा पाहा हं सर," म्हटलं अन् निघाले. माझीही गाडी होती. पोरीशी एक शब्द बोलले नाही.

दीडेक महिन्यानं परिणाम टिकला का ते पाहायला पुन्हा त्याच शाळेत गेले. यावेळी सरकारी दवाखान्यात भावाला कुठे दाखवायचं, कोणत्या वारी, सगळं विचारून आले होते. हजेरीत नाव ऐकून ओळखली, ती पोरगी तिसऱ्या बाकावर होती. सगळ्यांच्या आधी तिचा फॉर्म भरून झाला. मी तिच्याजवळ जाऊन बसले अन् हळूच विचारलं, भाऊ कसा आहे.

"सरनं बाबाले शाळेत बलावलं," ती खाली पाहत म्हणाली. "तुमच्या पोरीनं शाळेचं नाव खराब केलं म्हणे. बाबानं घरी येऊन भावाले लय मारलं. तवापासून तो घरी नाही. आमी पुसदपर्यंत पाहून आलो."

तिनं फॉर्म माझ्याकडे सरकवला. तुमच्या घरात कोणी नशा करतं का? नाही. ओळखीत कोणी करतं का? नाही. मागची बाजू कोरी होती.

"आता बरोबर हाय न, मॅडम?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.