मुलीचे केस कापले तो दिवस

त्या वर्षी मुलगी तिसरीत होती आणि मी चांदवडजवळच्या एका खेड्यात शाळेत शिकवत होते. आम्ही चार शिक्षिका नाशिकच्या द्वारका चौकातून एकाच गाडीने जायचो. गाडी सव्वासहाला सुटायची. त्याआधी डबे, मुलीची अंघोळ आणि तिच्या वेण्या. केस कमरेपर्यंत होते. तिला अर्धवट झोपेत पुढ्यात बसवून मी कंगवा ओढायचे. ती रडायची, मी ओरडायचे. एकदा कंगवा तिच्या डोक्यात मारलाही. नवरा अंबडला कारखान्यात. पहिली पाळी असली की घराबाहेर, नसली की उशी कानावर घेऊन झोपलेला.

मुलीला सांभाळायला सासूबाई नांदगावहून येऊन वर्ष झालं होतं. मला त्या नकोशा होत्या, हे आता लपवत नाही. शेजारणीला त्या मुद्दाम मला ऐकू जाईल असं सांगायच्या, "आमच्या सूनबाईला लोकांची पोरं शिकवायला टाइम हाय."

एके दिवशी मधल्या सुट्टीत मुलीच्या वर्गाच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज आला : वर्गात एका मुलीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत, पालकांनी काळजी घ्यावी. नाव नव्हतं, पण माझ्या मुलीला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं होतं, म्हणजे मुलांकडून सगळ्यांना कळलंच. खाली एका आईनं लिहिलं, "नोकरी करणाऱ्यांनी रविवारी तरी घरात लक्ष द्यावं." मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. तो राग घेऊनच संध्याकाळी घरी आले.

मुलगी पोहे खात होती. केस कानापर्यंत कापलेले, मान उघडी.

"हे कोणी केलं?"

"मी नेली पार्लरात," सासूबाई म्हणाल्या. "लय उवा झाल्या होत्या."

"मला विचारायचं नाही?"

"घरी असतीस तर इचारलं असतं."

मी जे बोलले ते शब्द मला आजही तसेच आठवतात. "तुम्ही या घरात पाहुण्या आहात, पाहुण्यासारख्या राहा. माझ्या मुलीला हात लावायचा नाही."

सासूबाई उठून पिशवी भरायला लागल्या. तेव्हा मुलगी रडत म्हणाली, "आजीला का ओरडतेस? मीच सांगितलं कापायला. तू रोज ओढतेस."

खरं तर तिथं मी विरघळायला हवं होतं. उलट मी आणखी पेटले. सासूबाईंना विचारलं, "मग मघाशीच का नाही सांगितलंत?"

"पोरीला मार बसला असता."

इतकं सरळ मला कुणी कधी सुनावलं नव्हतं.

नवरा आला. "माफी माग," म्हणाला. मी नाही म्हटलं. तो त्यांना स्कूटरवर बसवून नाशिकरोड स्टेशनवर गाडीत बसवून आला आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढचे पंधरा दिवस मी कधी रजा टाकली, कधी मुलीला शेजारणीकडे बसवलं. शेजारीण "सासूबाई कधी येणार?" असं रोज विचारायची, आणि उत्तर तिला माहीत असायचं. मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलायची.

शेवटी शाळेत तपासणी लागली आणि रजा मिळेना. मी फोन केला. माफी मागितली नाही, फक्त "या" म्हटलं.

"तुझ्या सोयीनं येऊ काय?" त्या म्हणाल्या. "येते. पण कपाटात एक कप्पा माझा पाहिजे. वर्षभर पिशवीतून साड्या काढून दमले मी."

वर्षभर त्यांच्या साड्या पलंगाखालच्या पिशवीत होत्या आणि मी रोज त्याच पलंगावर मुलीच्या वेण्या घालत होते. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा राग आला. माझे ड्रेस पलंगावर फेकत मी कप्पा रिकामा केला. सगळ्यात खालचा. त्यांना गुडघ्यांमुळे वाकता येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

त्या आल्या, कप्पा पाहिला आणि जमिनीवर बसून साड्या लावल्या. रविवारी नवऱ्यानं माझे कपडे खाली आणि त्यांच्या साड्या मधल्या कप्प्यात ठेवल्या. मी स्वयंपाकघरातून बघत होते. आडवी आले नाही.