सिंदफणेच्या शेवटाला

“सापडले न्हाईत, म्हंजी गेले न्हाईत,” असं म्हणून काकू मधल्या बोटानं कपाळाचं कुंकू चाचपायच्या. विषय तिथंच संपायचा. आता काकूही नाहीत, म्हणून सांगते.

माजलगावात आमची भिंतीला भिंत. त्यांचे मालक नदीकाठच्या रानात म्हैस सोडवायला गेले आणि सिंदफणेच्या पुरात वाहून गेले. म्हैस पोहत घरी आली. माणसं पार मंजरथच्या संगमापर्यंत धुंडून आली, हाती काही लागलं नाही. भावकीनं सांगितलं, दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरका. काकू म्हणाल्या, “गवताच्या बाहुलीला मी मालक म्हणू व्हय?” भावकीनं नाद सोडला.

गल्ली थोडीच गप्प बसते! संक्रांत आली की बायकांची कुजबुज सुरू, हिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही? मी आपली पहिलं बोलावणं त्यांनाच द्यायची. ज्यांना नाकं मुरडायची त्यांनी खुशाल मुरडावीत. काकू यायच्या, वाण घ्यायच्या, पण बसायच्या दाराजवळ, कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं अशा. मला ते बघवायचं नाही.

एकदा शेंगा फोडता फोडता त्यांनी विचारलं, ही आपली नदी शेवटी जाते कुठं. मी सांगितलं, गोदावरीत, आणि गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते. तिथं कोरंगी म्हणून जुनं बंदर आहे.

“मग मला तितं ने,” म्हणाल्या.

परळीहून काकीनाड्याची गाडी धरली. काकूंनी भाकरीचं एवढं गाठोडं बांधलं होतं की अख्खा डबा जेवला असता. कोरंगीला पूर्वी मोठमोठी जहाजं लागायची, मग वादळांनी सगळं धुऊन नेलं, असं मी वाटेत सांगितलं. “म्हंजी जहाजांचा मोंढाच की, आपल्या धान्याचा असतो तसा. बाजार उठला,” त्या म्हणाल्या.

आता तिथं खाडी, चिखल आणि तिवरांचं दाट रान. बगळे इतके, की तुम्ही-आम्ही बघतच राहावं. काकू बगळ्यांकडं बघतच नव्हत्या. चिखलातून वर आलेल्या मुळांत काय अडकलंय ते बघत होत्या. कुठं चप्पल, कुठं दोरी, कुठं कापडाची चिंधी. चिंधी दिसली की त्यांची मान पुढं व्हायची.

नाववाल्यानं आम्हाला नदीच्या मुखापर्यंत नेलं. गढूळ पाणी तिथं संपतं. काकूंनी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, पुढं काय आहे.

“आगे कुछ नहीं, अम्मा. पानीच पानी.”

त्या पाण्याकडं बघत बसल्या.

काठावर परतल्यावर नाववाल्याच्या बायकोनं घरी नेऊन चहा दिला. तिकडंही आपल्यासारखंच, दारी आलेल्या बाईला कुंकू लावल्याशिवाय पाठवत नाहीत. तिनं मला लावलं, मग बोट काकूंच्या कपाळाकडं नेलं. काकूंनी तिचं मनगट धरलं.

“नगं बाई. माझे मालक गेले.”

तिला मराठी कळेना. ती माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात काकूंनी हंबरडा फोडला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग त्या बाईनं कुंकवाची डबी खाली ठेवली आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.