माने मास्तरांची शिसपेन्सिल

गगनबावड्याहून येणाऱ्या एस.टी.चा कंडक्टर भरदुपारी माझ्या वर्गाच्या दारात उभा राहिला. टोपी हातात होती. माझी ओळख नसताना तो शाळा शोधत आला होता, तेव्हाच मला समजायला हवे होते. "गुरुजी, माने मास्तर गेलं," तो म्हणाला. "सकाळच्यालाच. बाईंनी सांगाय सांगितलंय. यायचं असंल तर माझी गाडी आता परत निघंल." मुलांना निबंधाचा विषय देऊन मी निघालो. विषय कोणता दिला ते आठवत नाही... घाटापर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो आणि कंडक्टरने माझ्याकडे तिकिटाचे पैसे मागितले नाहीत.

शंकर माने हा कोल्हापुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. आमची मैत्री सायकलवरची. स्वातंत्र्य नवे होते, गावोगाव कशाचे ना कशाचे उद्घाटन चालू होते, आणि सुट्टीच्या दिवशी भाषणांपासून लांब जायचे तर पन्हाळा बरा, एवढ्याच विचाराने आम्ही प्रथम चढ चढलो. मी वर जाऊन झोपलो. शंकर हिंडत राहिला. पुढल्या आठवड्यात त्याने मला चिकटवहीची पहिली पाने दाखवली. जाड तपकिरी कागद त्याने स्वतः शिवले होते, कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालून ती शिजवली होती. पानावर एखादा फोटो, उसन्या कॅमेऱ्यातला. फिल्म परवडत नसे म्हणून बाकीची चित्रे हाताने काढलेली. बाजूला वाळलेले गवत, पुढे एस.टी. सुरू झाल्यावर तिकीटही. आणि खाली दोन प्रकारच्या ओळी. स्वतः पाहिलेले शाईने आणि ऐकलेले शिसपेन्सिलीने, हा त्याचा नियम होता. अंबरखान्याच्या पानावर शाईत होते, 'तीन इमारती. आत गारवा. वटवाघळांचा वास.' शिसपेन्सिलीत होते, 'सगळ्या गडाला वर्षानुवर्षे पुरेल एवढे धान्य इथे मावे, असे वाटाड्या सांगतो.' खिद्रापूरच्या देवळातले हत्ती त्याने एकेक करून रेखाटले, आणि त्यांच्या सोंडा कोणी फोडल्या याबद्दल शिसपेन्सिलीत तीन मते नोंदवली. तिन्ही मते देवळाबाहेरच्या एकाच पानवाल्याची होती.

"तू इतिहास लिहीत नाहीस, पंचनामा करतोस," मी त्याला म्हणायचो.

"पंचनामाच बरा की लेका. इतिहासाचं साक्षीदार सगळं मेलेलं असत्यात."

मग संस्थान विलीन झाले. जहागिऱ्या गेल्या, लवाजमे गेले, आणि पुष्कळ घरांत मिरवण्यासारखे म्हणून फक्त पूर्वज उरले. शंकरच्या संस्थेचे अध्यक्ष अशाच एका सरदार घराण्यातले. पन्हाळ्याच्या पायथ्याला ओढ्याकाठी एक समाधीचे पडके वृंदावन आहे. त्यावर नाव नाही, अक्षर नाही. ते आपल्याच मूळ पुरुषाचे, तो तिथेच लढता लढता पडला, असे अध्यक्षांनी एका वर्षी ठरवले. शिलालेख आधी कोरून घेतला आणि पुरावा मागाहून शोधायला निघाले. मुंबईहून एक मोठे पाहुणे शिळेचे अनावरण करायला येणार होते. त्याआधी शाळेत त्यांना इतिहासाचे प्रदर्शन दाखवायचे ठरले, आणि त्यात मधोमध काचेच्या टेबलावर शंकरची चिकटवही. वृंदावनाचे पान तिच्यात होते. ओढा, झुडपे, ढासळलेला चौथरा, सगळे शाईत. पूर्वजाची एकच ओळ होती, 'हे सरदार घराण्यातील वीराचे, असे त्या घराण्यातील मंडळी सांगतात.' ही शिसपेन्सिलीत.

अध्यक्षांनी पान पाहिले आणि म्हणाले, "आमच्या घराण्याला शिसपेन्सिल?"

शंकर त्या शाळेत तात्पुरताच होता. कायम करायचे की नाही ते त्याच आठवड्यात ठरणार होते, आणि ते ठरवणार अध्यक्ष. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी शंकरला खोलीत बोलावून दौत समोर सरकवली. "माने, ओळ तीच राहू द्या. 'असे सांगतात' तेवढे गाळा आणि वरून शाई फिरवा. मी बघत नाही हवं तर." शंकरने दौत परत सरकवली. घरी इंदूवहिनींनी विचारले, माझ्यासमोरच. वहिनी मुरगूडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. मूल कडेवर होते.

"एक ओळ शाईनं लिवली तर काय हुतंय म्हनते मी?"

"एक लिवली की बाकीची समदी शाई खोटी पडती."

"आणि कायम न्हाई केलं तर पोराला काय शाई पाजू?"

शंकरने मूल आपल्या कडेवर घेतले. उत्तर वहिनींच्याच बाजूचे होते.

प्रदर्शनाच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. वही काचेखाली त्याच पानावर उघडी होती. शेजारी टाक आणि दौत ठेवलेली, ती हेडमास्तरांनी. पाहुणे यायला वेळ होता. अध्यक्ष जरीचा लाल फेटा बांधून दोनदा टेबलापाशी आले, दोनदा वाकून पाहिले, ओळ अजून करड्या रंगाचीच होती. तिसऱ्यांदा ते शंकरच्या अगदी जवळ येऊन हळू म्हणाले, "मास्तर, पाहुणे फाटकात आलेत." शंकरचा हात टाकाकडे गेला. मला वाटले, संपले. खरे सांगायचे तर मला थोडे बरेही वाटले... पण त्याने टाक उचलून नुसता पुसला आणि जागेवर ठेवला.

पाहुण्यांना इतिहासात फारसा रस नसावा, पण डोळे तरतरीत होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे दोन रंग का हो?"

"शाईतलं मी बघितलेलं. शिसपेन्सिलीतलं ऐकलेलं," शंकर म्हणाला.

पाहुण्यांनी वाकून ती ओळ वाचली आणि अध्यक्षांकडे पाहिले. दारातल्या सनईवाल्यांनी दम घ्यायला नेमकी तीच वेळ निवडली होती. अध्यक्षांचा चेहरा फेट्याच्या रंगाला आला. मग शंकरने काच बाजूला केली, टाक दौतीत बुडवला आणि दोन्ही हातांनी अध्यक्षांपुढे धरला. आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते भयंकर वाटले. "सरकार, मला ठाऊक न्हाई म्हणून मी शाई वापरली न्हाई. आपल्याला ठाऊक हाय. आपण लिवा आणि खाली सही करा. मी पान तसंच ठेवतो."

अध्यक्षांनी टाक घेतला. पानावर टेकवायला आणला. तो तिथे अधांतरी राहिला, टोकाशी शाईचा थेंब फुगत गेला, आणि आम्ही सगळे त्या थेंबाकडे बघत राहिलो. मग त्यांनी टाक दौतीत सोडला. "शाई पातळ झालीया," ते म्हणाले, आणि पाहुण्यांना चिवड्याकडे घेऊन गेले.

शिळेचे अनावरण ठरल्याप्रमाणे झाले. शंकर कायम झाला नाही. संस्थेच्या गगनबावड्याच्या शाळेत जागा आहे, हवी तर घ्या, असे त्याला सांगण्यात आले. त्याने घेतली, कारण मूल शाई पीत नाही. तिथला पाऊस सर्वांना माहीत आहे. भिंतींना बुरशी, अंथरुणाला ओल, आणि शंकरला दमा. पावसाने त्याला मारले असे लिहिण्याचा मला मोह होतो. डॉक्टर तसे म्हणाले नाहीत, म्हणून लिहीत नाही.

दिवसकार्य झाल्यावर कोल्हापुरात त्याच शाळेत शोकसभा भरली. अध्यक्ष तेच होते. फेटा नव्हता, पण भाषण फेट्याचेच होते. माने मास्तरांची सेवावृत्ती सांगताना ते म्हणाले, "दुर्गम भागातील मुलांसाठी त्यांनी स्वतःहून गगनबावडा मागून घेतला, आणि हसतमुखाने गेले."

पुढच्या बाकावरून इंदूवहिनी उठल्या. अशा सभेत विधवा बोलत नसते, तिच्याबद्दल बोलतात. "मागून घेतलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही धाडलं. आणि हसत न्हवते. मोटारीत माझ्या शेजारी बसलते, घाट येईस्तोवर डोळं पुसत हुते."

अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई दुःखात आहेत."

"दुःखात हाय की. पण हे कुणाकडनं ऐकलेलं न्हाई. बघितलंय मी."

आणि त्या बसल्या. हेडमास्तरांनी घाईघाईने सर्वांना स्तब्ध उभे राहण्याची विनंती केली. सगळे आधीच स्तब्ध होते, फक्त उभे राहिले.

आता वहिनी मुलाला घेऊन इथेच, कोल्हापुरात पेठेतल्या एका खोलीत राहतात. संस्थेचा शिपाई मध्यंतरी चिकटवही मागायला आला होता. शाळेच्या कपाटात माने मास्तरांच्या नावाची चिठ्ठी लावून ती ठेवायची आहे म्हणे. वहिनींनी दिली नाही. "बघायची असंल तर हितं या म्हणावं. चहा करीन." अजून तिकडून कोणी आलेले नाही. मी रविवारी जातो. वहिनी आधी हात धुतात, पदराला कोरडे करतात आणि पाने स्वतः उलटतात. मला उलटू देत नाहीत.